रामेन आणि त्सुकेमेन: बटणं शेजारी, जेवण वेगळं

टोकियोतल्या साध्या रामेनच्या दुकानात शिरलात की आधी गाठ पडते ती मशीनशी. नोट सरकवायची, बटण दाबायचं, खाली पडलेली चिठ्ठी उचलून काउंटरवर ठेवायची. झाली ऑर्डर. सगळं जपानीत, त्यात मागे चार माणसं उभी, म्हणून बहुतेक पाहुणे डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबून मोकळे होतात. ते फारसं चुकत नाही, कारण दुकानाचा मुख्य पदार्थ तिथेच ठेवायची पद्धत आहे. घोळ होतो तो शेजारच्या बटणामुळे. एका फोटोत नूडल्स सुपात बुडालेल्या, दुसऱ्यात नूडल्स एका वाडग्यात आणि सूप शेजारच्या लहान वाडग्यात. पहिलं रामेन, दुसरं त्सुकेमेन. पाहणाऱ्याला वाटतं, पदार्थ तोच, फक्त सूप वेगळं दिलंय. मग तो ते सूप नूडल्सवर ओततो आणि सगळाच विचका होतो.

माझं मत विचाराल तर हे दोन पदार्थ एकमेकांच्या उलट आहेत. रामेनमध्ये नूडल्स सुपासाठी असतात. त्सुकेमेनमध्ये सूप नूडल्ससाठी असतं. किती भरभर खायचं, काय उरवायचं, शेवटी काय मागायचं, हे सगळं त्यावरूनच ठरतं.

आधी रामेन. रिकाम्या वाडग्याच्या तळाशी आचारी ‘तारे’ घालतो. हा खारट, घट्ट अर्क: सोया सॉसचा, मिठाचा किंवा मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा. त्यावर तासन्‌तास उकळलेलं हाडांचं, कोंबडीचं किंवा सुक्या मासळीचं पाणी, वर थोडी चरबी. मग नूडल्सची जाळी उकळत्या पाण्यातून वर येते, दोन-तीन जोरदार झटक्यांत पाणी निथळतं आणि नूडल्स सुपात उतरतात. वर चाशू म्हणजे डुकराच्या मांसाचे काप, अर्धं कापलेलं अंडं, बांबूचे मुरवलेले कोंब, नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा कागद. वाडगा तुमच्यासमोर येतो तेव्हा सूप जवळजवळ उकळतं असतं, म्हणजे नूडल्स अजूनही शिजतच असतात. गप्पा मारत बसलात, दहा फोटो काढलेत, तर त्या फुगतात आणि लिबलिबीत होतात. आजूबाजूचे लोक मान खाली घालून भुरके मारत असतात ते उगाच नाही. भुरक्याबरोबर हवा आत जाते, नूडल निवते, वासही नाकापर्यंत पोचतो. इथे आवाज करणं असभ्य नाही.

हाकाताच्या, म्हणजे जपानच्या नैर्ऋत्येच्या फुकुओका शहराकडच्या रामेनमध्ये ही घाई टोकाला जाते. तिथल्या नूडल्स इतक्या बारीक की मिनिटभरातच शिजतात. म्हणून तिथे एका वेळी थोड्याच नूडल्स वाढतात आणि संपल्या की ‘काएदामा’ मागतात, म्हणजे उरलेल्या सुपात नव्या नूडल्सचा घाणा. तिथल्याच नागाहामाच्या मासळीबाजारात कामाच्या गडबडीत खाणाऱ्यांसाठी ही सोय निघाली. तिथे नूडल्स किती कडक हव्यात हेही विचारतात. ‘काता’ म्हणजे कडक, ‘बारीकाता’ म्हणजे त्याहून कडक. काएदामा मागायचा बेत असेल तर सूप आधीच पिऊन टाकू नका.

त्सुकेमेनच्या नूडल्स मात्र चांगल्या जाड. पीठ दोन्हीकडे गव्हाचंच आणि दोन्हीत ‘कान्सुइ’ नावाचा खार असतो. आपल्याकडे पापडाच्या पिठात पापडखार जे काम करतो तेच इथे कान्सुइ करतो: पीठ चिवट होतं, रंग पिवळसर येतो. पण त्सुकेमेनची नूडल शिजायला आठ-दहा मिनिटं सहज लागतात, म्हणून चिठ्ठी दिल्यावर वाट बघायची तयारी ठेवा. शिजल्यावर ती गार पाण्याखाली खसखसून धुतात. वरचा चिकट स्टार्च जातो, नूडल आवळली जाते आणि चकाकते. शिजणं तिथेच थांबतं, त्यामुळे सावकाश खाल्लंत तरी ती बिघडत नाही. आधी दोन-चार नूडल्स नुसत्याच खाऊन बघा. दुकानदाराची खरी करामत तिथे कळते, आणि नेमकं हेच बहुतेक जण करत नाहीत.

शेजारचं सूप रामेनच्या सुपासारखं दिसतं, पण ते पिण्यासाठी नसतंच. गार, ओल्या नूडलला चव धरायची म्हणून ते मुद्दाम जास्त खारट आणि दाट केलेलं असतं. नुसता घोट घेतलात तर तोंड वाकडं होईल. घासापुरत्या नूडल्स उचला, अर्ध्या बुडवा, ओढा. सगळ्या एकदम सुपात टाकल्या तर सूप पातळही होतं आणि थंडही. तसंही ते हळूहळू निवतंच. वर चरबीची साय धरू लागते. त्सुकेमेनचं हे खरं दुखणं. काही दुकानं त्यावर तापवलेला दगड वाडग्यात सोडतात, काही सूप पुन्हा गरम करून देतात. गार नूडल्स नकोच असतील तर ‘आत्सुमोरी’ सांगा: धुतलेल्या नूडल्स पुन्हा गरम पाण्यातून काढून देतात. थंडीत ठीक, पण कडकपणा थोडा जातो. मला स्वतःला गारच आवडतात.

नूडल्स संपल्यावर तळाशी घट्ट सूप उरतं. तेव्हा ‘सूप-वारी’ मागायची. आचारी त्यात हलकं, गरम पाणी घालतो, मासळीचं किंवा हाडांचं, आणि आता ते पिण्याजोगं होतं. काही ठिकाणी काउंटरवर थर्मासच ठेवलेला असतो. रामेनमध्ये हा प्रकार नाही. तिथे सूप जेवतानाच प्यायचं, वाडगा दोन्ही हातांनी उचलून थेट तोंडाला लावला तरी चालतं. उरलं तर कुणी वाईट मानत नाही. सुपातलं मीठ पाहता उरवावंच.

प्रमाणाचाही फरक आहे. त्सुकेमेनमध्ये साधं ‘नामी’, मध्यम ‘चुउमोरी’ आणि मोठं ‘ओओमोरी’ एकाच किमतीत देणारी दुकानं बरीच. फुकट म्हणून मोठं घेऊ नका. नामीतच नूडल्स रामेनपेक्षा पुष्कळ जास्त असतात, आणि टाकणं तिथे बरं दिसत नाही.

वयातही अंतर आहे. असाकुसातलं राइराइकेन १९१० साली उघडलं. योकोहामाच्या चिनी वस्तीतून आणलेले आचारी तिथे होते, आणि जपानी गिऱ्हाइकासाठीचं पहिलं नावाजलेलं रामेनचं दुकान म्हणून त्याचा दाखला देतात. त्सुकेमेन त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं, तेही भटारखान्यातून. काझुओ यामागिशी टोकियोच्या नाकानो भागातल्या ताइशोकेन या रामेनच्या दुकानात काम करत. जाळीत अडकून उरलेल्या नूडल्स गोळा करून सुपात बुडवून खायच्या, हे तिथल्या कामगारांचं जेवण. गिऱ्हाइकानं पाहिलं, मागितलं, आणि १९५५ मध्ये तो पदार्थ ‘तोकुसेइ मोरिसोबा’ नावानं विकायला लागला. यामागिशींनी १९६१ मध्ये हिगाशी-इकेबुकुरोत स्वतःचं ताइशोकेन काढलं आणि असंख्य शिष्य तयार केले. त्यांचं सूप किंचित आंबट-गोड, व्हिनेगर आणि साखर घातलेलं. आज फोटोत दिसतं ते हाडांचं आणि माशाच्या भुकटीचं पिठल्याइतकं दाट सूप २००० नंतरच्या लाटेतलं. त्यात रोकुरिनशा या दुकानाचं नाव आधी येतं. ओसाकीतलं त्यांचं मूळ दुकान रांगेचा शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणून बंद करावं लागलं. आता टोकियो स्टेशनखालच्या रामेन स्ट्रीटवर, म्हणजे रामेनच्या दुकानांच्या ओळीत, ते आहे आणि रांगही आहे.

मग दाबायचं कुठलं बटण? पहिल्यांदाच जात असाल, बाहेर थंडी असेल, तर रामेन. जुलै-ऑगस्टच्या घामट उकाड्यात त्सुकेमेन. सुक्या मासळीचा वास सोसत नसेल तर दाट त्सुकेमेनच्या वाटेला जाऊ नका. सोबत लहान मूल असेल तरी त्सुकेमेन बरं, कारण नूडल्स गार आणि वेगळ्या असतात.

शाकाहारी मंडळींसाठी मात्र दोन्ही बटणं सारखीच अवघड. ‘यासाइ रामेन’च्या, म्हणजे भाज्यांच्या रामेनच्या फोटोत कोबी आणि मोड आलेल्या मुगाचा डोंगर दिसतो, पण तो डोंगर बहुधा डुकराच्या हाडांच्या सुपावर उभा असतो. मांसाचे काप काढायला सांगून उपयोग नाही. वेगळं वीगन रामेन ठेवणारीच जागा शोधावी लागते. टोकियो स्टेशनमध्ये टीझ तानतान नावाचं दुकान आहे, तिथलं सगळंच वनस्पतिजन्य. फक्त ते जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या तिकीट-गेटच्या आत आहे आणि रामेन स्ट्रीट गेटच्या बाहेर. घरातले काही रोकुरिनशाला आणि काही टीझला जाणार असतील तर आत-बाहेर कोण जाणार, हे रेल्वेचं तिकीट गेटच्या मशीनमध्ये घालण्याआधीच ठरवा.