नावातच अस्वल होतं

२०१९च्या एप्रिलमध्ये भारतीय लष्कराने ट्विटरवर बर्फातल्या ठशांचे फोटो टाकले. नेपाळमधल्या मकालू शिखराच्या बेस कॅम्पजवळ लष्कराच्या गिर्यारोहकांना दिसलेले हे ठसे ३२ इंच लांब आणि १५ इंच रुंद होते. ते ‘यती’चे, म्हणजे हिमालयातल्या कथित हिममानवाचे असल्याचं सोबत म्हटलं होतं. माणसाची उंची त्याच्या पावलाच्या साधारण साडेसहा पट भरते. तोच हिशेब इथे लावला तर हा प्राणी सतरा-अठरा फूट उंच, म्हणजे जिराफाच्या डोळ्याला डोळा भिडवणारा निघतो. लोकांनी मनसोक्त थट्टा केली आणि विषय मागे पडला. पण नुसत्या थट्टेने माझं समाधान होत नाही. गेल्या शंभर वर्षांत यतीचा पुरावा म्हणून जे जे पुढे आलं, ते एकदा हातात घेऊन बघायला हवं. त्यातलं काही खरोखर चिवट आहे.

आधी नाव. आपल्या भाषेत यती म्हणजे संन्यासी, पण त्याचा इथे काही संबंध नाही. हा शब्द शेर्पांच्या बोलीतून आला, आणि त्यांच्याकडेही अशा प्राण्याला एकच नाव नाही. गुरांवर, याकांवर हल्ला करतो तो ‘झू-ते’, माणसासारखा दिसतो तो ‘मि-ते’. १९२१ साली चार्ल्स हॉवर्ड-बरी यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिशांची पहिली तुकडी एव्हरेस्टची वाट शोधायला गेली, तेव्हा ल्हाकपा ला या खिंडीत तिला मोठाले ठसे दिसले. हॉवर्ड-बरींच्या मते ते लांडग्याचे होते. बरोबरचे हमाल म्हणाले, ‘मेतोह-कांगमी’. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये लिहिणारे हेन्री न्यूमन यांनी परतलेल्या हमालांना गाठलं, ‘मेतोह’चा अर्थ घाणेरडा, किळसवाणा असा लावला आणि ‘किळसवाणा हिममानव’ जगभर पोचवला. हा ‘मेतोह’ बहुधा ‘मि-ते’च होता, आणि त्याचा अर्थ अभ्यासक ‘माणूस-अस्वल’ असा देतात. एरवी पराचा कावळा होतो, इथे अस्वलाचा माणूस झाला.

पुढची तीस वर्षं या माणसाचे किस्सेच जास्त जमले. मग नोव्हेंबर १९५१मध्ये एरिक शिप्टन आणि मायकेल वॉर्ड या ब्रिटिश गिर्यारोहकांना मेनलुंग हिमनदीवर एक ठसा सापडला. शेजारी आइस अ‍ॅक्स ठेवून शिप्टननी त्याचा फोटो घेतला. लांबी सुमारे १३ इंच, पाऊल रुंद, अंगठा फताडा. यती म्हटलं की आजही हाच फोटो पुढे येतो आणि तो चांगला फोटो आहे हे कबूल करायला हवं. कडा स्पष्ट आहेत, मापही कळतं.

अडचण बर्फाची आहे. ठसा उमटल्यावर ऊन त्याच्या कडा वितळवतं, खळगा रुंदावतो, जवळजवळचे दोन खळगे मिळून एक होतात. १९६०-६१मध्ये एडमंड हिलरींची मोहीम मुद्दाम यतीच्या शोधात गेली होती. त्या मोहिमेतल्यांनी एका माळेतले ठसे नीट तपासले. सावलीत ते कोल्ह्याएवढ्या प्राण्याचे, वेगवेगळे, छोटे दिसत होते. तीच माळ उन्हात आली की चार पावलांचे ठसे मिसळून एक भलंमोठं ‘पाऊल’ तयार होत होतं! अस्वलाच्या बाबतीत तर उन्हाचीही गरज नाही. चालताना ते मागचा पाय पुष्कळदा पुढच्याच्या ठशावर टाकतं, त्यामुळे दोन ठसे जोडून एक लांबलचक पाऊल उमटतं. त्याच्या मागच्या पायाला आपल्यासारखीच टाच आणि पाच बोटं असतात. फरक एवढाच की सगळ्यांत मोठं बोट बाहेरच्या बाजूला असतं, म्हणून उजवा ठसा डाव्यासारखा भासतो.

हिलरींनी आणखी एक काम केलं. नेपाळमधल्या खुमजुंग या शेर्पांच्या गावात यतीची म्हणून जपलेली शंकूच्या आकाराची केसाळ टाळू होती. गावकऱ्यांना ती जीव की प्राण. हिलरींनी ती सहा आठवड्यांच्या बोलीवर मागून घेतली. गावचे एक ज्येष्ठ शेर्पा तिच्यासोबत शिकागो, पॅरिस आणि लंडनला जाऊन आले. निष्कर्ष निघाला की ही सेरो या शेळीच्या कुळातल्या डोंगरी प्राण्याच्या कातड्याला ताणून आकार दिलेली वस्तू आहे. नेपाळमधल्याच पांगबोचे मठात यतीचा म्हणून जपलेल्या पंज्याचं एक बोट त्याच सुमारास गुपचूप बाहेर नेलं गेलं होतं. २०११मध्ये त्याची डीएनए चाचणी झाली. ते माणसाचं निघालं.

टाळू आणि बोट मोजकीच होती, केस मात्र पुष्कळ होते. यतीचे, हिममानवाचे म्हणून जगभर जपलेले केस ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी मागवले. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निकालात ३० नमुन्यांचा डीएनए वाचता आला होता. त्यात गाय, घोडा, लांडगा किंवा कुत्रा, साळिंदर, अस्वल असे बरेच प्राणी होते, अनोळखी कपी, म्हणजे गोरिला-चिंपांझीच्या कुळातला प्राणी एकही नव्हता. लडाख आणि भूतानचे दोन नमुने मात्र एका प्राचीन ध्रुवीय अस्वलाशी जुळल्याचं त्यांनी लिहिलं आणि नवी खळबळ उडाली. लगेच इतर संशोधकांनी दाखवलं की तुलनेसाठी वापरलेला डीएनएचा तुकडा फार छोटा, जेमतेम शंभर अक्षरांचा होता आणि जुळवणीत चूक झाली होती. साधं तपकिरी अस्वल पुरेसं होतं. विज्ञानावर विश्वास ठेवायचा तो अशा वेळी, जेव्हा यती नाकारणाऱ्या शोधनिबंधालाही कुणी सोडत नाही.

२०१७मध्ये जीवशास्त्रज्ञ शार्लट लिंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी जास्त बारकाईने काम केलं. यतीचे म्हणून सांगितलेले नऊ नमुने त्यांच्याकडे होते. हाड, दात, कातडं, केस, विष्ठा असा सगळा ऐवज. आठ अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा.

आता समोरच्या बाजूचं ऐकू. ती म्हणते, तुमच्याकडे आलेले नमुने यतीचे नव्हते, एवढंच सिद्ध झालं. हे बरोबर आहे. दुसरं म्हणणं असं की दुर्गम भागात आजही नवे सस्तन प्राणी सापडतात. हेही बरोबर, आणि मला हा युक्तिवाद सगळ्यांत आवडतो, कारण तो यतीवरच उलटतो. अरुणाचल प्रदेशातल्या डोंगरांत मोनपा लोक ज्याला ‘मुन झाला’, म्हणजे घनदाट जंगलातलं माकड म्हणतात, त्याचं शास्त्रीय वर्णन २००५मध्ये झालं. उत्तर म्यानमारमधले शिकारी सांगत की वर वळलेल्या नाकाचं एक माकड आहे, पावसाचं पाणी नाकात गेलं की ते शिंकतं. ऐकायला यतीपेक्षाही कपोलकल्पित! पण शास्त्रज्ञ गेले तेव्हा शिकाऱ्यांकडे कवट्या होत्या, कातडी होती. २०१०मध्ये त्या माकडाला शास्त्रीय नाव मिळालं, २०१२मध्ये कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात, त्याचे फोटोही आले. लोककथेतला प्राणी खरा असला की असं होतं. तो हाडं मागे ठेवतो.

हिमालयात तर कॅमेरे भरपूर लागलेत. भारतातल्या हिमबिबट्यांच्या गणनेसाठी २०१९ ते २०२३ या काळात १,९७१ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावले होते. लपण्यात पटाईत असलेल्या या प्राण्याचे २४१ वेगवेगळे चेहरे त्यांनी टिपले. यती एकटा असून भागत नाही. हजारो वर्षं वंश टिकवायचा तर नर, माद्या, पिल्लं, म्हातारे अशी मोठी संख्या लागते आणि कपींना पिल्लंही काही वर्षांच्या अंतराने होतात. एवढ्यांतलं एकही कॅमेऱ्यासमोरून जाऊ नये?

राहिला जायगँटोपिथेकस. हा दक्षिण चीनमधला खराखुरा राक्षसी कपी, उंची तीन मीटरपर्यंत असावी असा अंदाज. यती हा त्याचाच वंशज, असं पुष्कळदा म्हटलं जातं. पण २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार तो सुमारे २.९५ ते २.१५ लाख वर्षांपूर्वी संपला. कारण काय, तर हवामान बदललं, जंगल बदललं आणि आहार बदलणं त्याला जमलं नाही. जो दाट जंगल विरळ झाल्यावर तगला नाही, तो हिमनदीवर काय खाणार? त्याचा पुरावा म्हणजे चार जबडे आणि सुमारे दोन हजार दात. तिबेटच्या पठारावर ३,२८० मीटर उंचीवरच्या बैशिया गुहेत सापडलेला, किमान १.६ लाख वर्षं जुना अर्धा जबडा डेनिसोव्हन या नामशेष झालेल्या मानवाचा असल्याचं २०१९मध्ये प्रथिनांवरून सिद्ध झालं. उंच डोंगरात एक वेगळा मानव खरंच राहत होता, आणि ते पटायला अर्धा जबडा पुरला. यतीकडून अपेक्षा याहून जास्त नाही.

शेर्पा खोटं बोलत होते असं यातून निघत नाही. दोन पायांवर उभं राहिलेलं तपकिरी अस्वल संध्याकाळच्या धुक्यात ज्याने पाहिलं, त्याने ते पाहिलंच. तिबेटमध्ये अशाच एका भेटीनंतर गिर्यारोहक राइनहोल्ड मेसनर अनेक वर्षं यतीच्या मागे फिरले आणि शेवटी अस्वलापाशीच पोचले.

लिंडक्विस्ट यांच्या नमुन्यांत जी अस्वलं निघाली, त्यांतलं हिमालयन तपकिरी अस्वल इतर तपकिरी अस्वलांपासून सुमारे साडेसहा लाख वर्षांपूर्वी वेगळं झालं होतं. शेजारच्या तिबेटी पठारावरचं तपकिरी अस्वल त्याचं जवळचं नातलग नाही. हे हिमालयन तपकिरी अस्वल आज नष्ट होण्याच्या काठावर आहे. त्याच्या मायटोकॉन्ड्रियातली, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातली संपूर्ण जनुकमाला पहिल्यांदा वाचली गेली ती यतीच्या या तपासातच.