इंजिन ब्लूप्रिंटिंग

इंजिनाचा प्रत्येक भाग आराखड्यातल्या मापाच्या शक्य तितका जवळ आणून जुळणी करण्याच्या पद्धतीला ब्लूप्रिंटिंग म्हणतात. सुटे भाग बदलायला मनाई असलेल्या शर्यतींत तिला विशेष महत्त्व असते.

कारखान्यातला प्रत्येक भाग टॉलरन्समध्ये, म्हणजे मापातल्या चुकीच्या मान्य मर्यादेत बसतो, पण जुळणीत या छोट्या चुका एकमेकींत मिसळतात. पिस्टन माथ्याशी पोचल्यावर ब्लॉकच्या कडेपासून किती खाली राहतो, हे ब्लॉकची उंची, क्रँकचा थ्रो (क्रँकपिन मध्यापासून जितकी बाहेर असते ते अंतर), कनेक्टिंग रॉडची लांबी आणि पिनपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतचे अंतर या चार मापांवर ठरते. ८६ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि तेवढ्याच स्ट्रोकचा (पिस्टनच्या वर-खाली प्रवासाचा) सिलिंडर सुमारे ५०० सीसीचा. ११:१ कॉम्प्रेशनसाठी, म्हणजे आतले मिश्रण अकराव्या भागाइतक्या जागेत दाबण्यासाठी, वर ५० सीसी जागा लागते. पिस्टन ०.१ मिमी खाली राहिला की ०.५८ सीसी वाढतात. त्यात हेडमधली (सिलिंडरवरच्या झाकणातली) पोकळी दीड सीसीने मोठी निघाली, तर कॉम्प्रेशनचा हा रेशो १०.६ वर घसरतो.

एकाच सिलिंडरची ही घट फारशी जाणवत नाही. खरे नुकसान असमानतेने होते. सगळ्या सिलिंडरांना इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) एकच असेल, तर सर्वाधिक कॉम्प्रेशनचा सिलिंडर आधी नॉक करतो, म्हणजे त्यातले मिश्रण अनियंत्रितपणे पेटून ठोके बसतात, आणि त्याच्यापायी बाकीच्यांचेही टायमिंग मागे घ्यावे लागते. म्हणून पोकळ्या ब्युरेटने (खुणा केलेल्या काचेच्या नळीतून द्रव ओतून) मोजतात, लहान पोकळ्या घासून सर्वांत मोठीच्या बरोबरीला आणतात आणि मग हेडचा पृष्ठभाग तासून रेशो परत मिळवतात.

फटींचा हिशेब वेगळा. ५० मिमी जर्नलला (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाला) ०.०५ मिमीच्या आसपास बेअरिंग क्लिअरन्स, म्हणजे मोकळी फट ठेवतात. जास्त झाली की ऑइलचे प्रेशर पडते, कमी झाली की ऑइलची फिल्म तुटून बेअरिंग जळते. टर्बो नसलेल्या ८६ मिमी बोअरला पिस्टनवरच्या सर्वांत वरच्या रिंगच्या दोन टोकांमधली फट साधारण ०.३५ मिमी. ती कमी पडली तर तापल्यावर रिंगची टोके एकमेकांना भिडतात आणि सिलिंडरची भिंत ओरबाडली जाते. इथे थोडी सैल रिंग परवडते, घट्ट नाही.

मोजमापातच बरेचजण फसतात. ॲल्युमिनियमचा ८६ मिमी पिस्टन १० अंशांच्या फरकाने ०.०२ मिमी फुगतो, म्हणून भाग आणि मायक्रोमीटर दोन्ही २० अंश सेल्सिअसला आणून मगच माप घेतात. हेडचे बोल्ट आवळल्यावर बोअर किंचित वाकडा होतो. त्यामुळे होनिंग करताना (बोअर आतून घासून नेमक्या मापाला आणताना) ब्लॉकवर हेडच्या जागी टॉर्क प्लेट नावाची जाड पट्टी बसवून बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळलेले असावे लागतात.