गोल फवारा की पट्टा? पंप एक, नोझल दोन

पाठीवरचा पंप तोच, पण टोकाला लावायचं नोझल दोन तऱ्हेचं असतं. दिसायला दोन्ही सारखीच, म्हणून बऱ्याच घरांत कीटकनाशकाचं नोझल तणनाशकालाही चालवतात. नुकसान तिथंच होतं.

पंपासोबत बहुधा हॉलो कोन, म्हणजे गोल फवाऱ्याचं नोझल येतं. आतल्या चकतीमुळे पाणी गरगरत बाहेर पडतं. कोरड्या फरशीवर क्षणभर मारून बघा, ओलं कडं उमटेल आणि मधला भाग जवळपास कोरडा राहील. थेंब अगदी बारीक. कपाशीवरचे तुडतुडे, पांढरी माशी पानाखाली असतात, तिथवर पोचायला असाच धुरळा हवा. पण हाच धुरळा वाऱ्यावर शेजारच्या पिकावर जातो आणि फवारणाऱ्याच्या नाकातोंडातही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. तोंडाला मास्क हवाच, आणि वाऱ्याकडे तोंड करून फवारायचं नाही.

तणनाशकाला फ्लॅट फॅन. पाणी पंख्यासारखं चपटं सुटतं, जमिनीवर सरळ पट्टा पडतो, थेंब त्यामानानं जाड. पट्ट्याच्या कडांना पाणी कमी पडतं, म्हणून पुढचा पट्टा आधीच्यावर थोडा चढवायचा. लान्स (नोझलची दांडी) जमिनीपासून दीड फुटावर धरून सरळ चालायचं, हात डावी-उजवीकडे हलवायचा नाही. वर्षानुवर्षांची ही सवय सुटता सुटत नाही, पण हात हलला की कुठे दुप्पट औषध पडतं, कुठे तण तसंच उभं राहतं. नोझलवर ११००२ असं लिहिलेलं असेल, तर ११० अंशांचा पंखा आणि ३ बार दाबाला मिनिटाला सुमारे ०.८ लिटर पाणी.

नवं नोझल लावल्यावर एक मिनिट मापात धरून पाणी मोजा आणि आकडा झाकणावर लिहून ठेवा. पुढे तेवढ्याच दाबाला दहा टक्के जास्त पाणी येऊ लागलं की भोक झिजलं, नोझल बदला. तुंबलं तर तार, टाचणी घालू नका, फुंकरही मारू नका. जुना टूथब्रश आणि पाणी पुरतं.

नोझल बदललं म्हणून पंप स्वच्छ झाला असं मात्र नाही. २,४-डी हे तणनाशक नळीत, वायसरमध्ये चिकटून राहतं. कपाशीला त्याचा अंशही सोसत नाही, पानं भेंडीच्या पानांसारखी होतात. धुण्याच्या भरवशावर राहू नका, तणनाशकाला वेगळाच पंप ठेवा आणि टाकीवर लाल रंगाची मोठी फुली मारा, म्हणजे घाईत तो चुकून कुणी उचलणार नाही.