रिकाम्या वेळात मेंदू काय करतो?

सप्टेंबर १९२१. 'नारकुंडा' ही बोट इंग्लंडहून मुंबईकडे निघाली होती आणि ऑक्सफर्डची परिषद आटोपून चंद्रशेखर वेंकट रामन तिच्यावरून परतत होते. भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना झपाटलं. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांचं मत तेव्हा सर्वमान्य होतं. रामन यांच्याकडे एक निकोल लोलक, म्हणजे ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाशच पुढे जाऊ देणारा स्फटिक, होता. त्यातून बघत त्यांनी पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश वगळला. निळा रंग नाहीसा झाला नाही, उलट खुलून दिसला. प्रकाश विखुरत होते ते पाण्याचे रेणूच! बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा 'नेचर' या विज्ञान नियतकालिकासाठीचं टिपण तयार होतं, आणि त्याच वाटेने पुढे १९२८ साली रामन परिणाम हाती आला.

रामन प्रयोगशाळेपासून दूर होते, पण प्रकाशाचा अभ्यास ते त्याआधी कित्येक वर्षं करत होते. मला ही बाब फार महत्त्वाची वाटते. सुट्टीत नवं सुचावं असं वाटत असेल, तर सुट्टीपूर्वी त्या प्रश्नाशी झटापट झालेली असावी लागते. इंग्लंडचे विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये सर्जनाचे टप्पे मांडले तेव्हा तयारी पहिली ठेवली आणि तिच्यानंतर प्रश्न बाजूला ठेवून तो मुरू देण्याचा काळ.

तो मुरतो म्हणजे नेमकं काय होतं? आपल्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के खातो, आणि एखाद्या कामात लक्ष घातल्यावर त्यात पडणारी भर अगदी थोडी असते. मग 'काहीच न करताना' एवढी ऊर्जा जाते कुठे? अमेरिकेतल्या मार्कस रायकल यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं की आपण बाहेरच्या कामातून मोकळे झालो की मेंदूतले काही ठरावीक भाग जास्त सक्रिय असतात. त्यांना 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' म्हणतात. जुन्या आठवणी उलगडणं, उद्याची कल्पना करणं, दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधणं, ही या जाळ्याची कामं. नव्या कल्पना सुचत असताना हे भटकणारं जाळं आणि लक्ष ताब्यात ठेवणारं जाळं एकमेकांशी जोडून काम करतात, असं नंतरच्या मेंदूचित्रणांत दिसलं.

म्हणून सुट्टी गच्च भरून टाकणं मला पटत नाही. २००९ मध्ये सिओ आणि ऑर्मेरॉड यांनी अशा विरामांवरचे ११७ अभ्यास एकत्र तपासले. विरामाचा फायदा होतो, हे त्यातून दिसलं. काही प्रकारच्या कोड्यांत तर डोक्याला फार ताण न देणारं हलकं काम करणाऱ्यांना नुसतं बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला. शेंगा सोलणं, कपडे घडी करणं, कुंड्यांना पाणी घालणं, अशी कामं सुट्टीत मुद्दाम करावीत. मोबाइलवरचे रील्स या यादीत बसत नाहीत, कारण दर काही सेकंदांनी ते लक्ष नव्याने खेचून घेतात आणि मनाला भटकायला फट उरत नाही. अर्थात, मन भटकल्यानेच कल्पना वाढतात, हा २०१२ चा गाजलेला निष्कर्ष पुढच्या प्रयोगांत तसाच हाती लागलेला नाही. त्यामुळे दिवास्वप्नांचं फार कौतुक करण्याची घाई नको.

चालण्याचा पुरावा मात्र जास्त भक्कम आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये लोकांना नेहमीच्या वस्तूंचे नवे उपयोग सुचवायला सांगितले. बसलेल्यांच्या तुलनेत चालणाऱ्यांना सरासरी सुमारे साठ टक्के जास्त कल्पना सुचल्या, आणि चालून येऊन बसल्यावरही काही काळ तो परिणाम टिकला. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही फायदा झाला. म्हणजे कचराळी तलावाला सकाळच्या फेऱ्या मारणारे ठाणेकर आणि जुलैच्या पावसात सोसायटीच्या पोडियमखाली चालणारे ऐरोलीकर, दोघांनाही हे लागू आहे. मात्र एकच अचूक उत्तर शोधायचं असेल तेव्हा चालण्याने फायदा झाला नाही, किंचित तोटाच दिसला. हिशेब जुळवायचा असेल तर टेबलाशी बसावं.

झाडीत चालण्याचा लाभ वेगळा आहे. मिशिगनमध्ये २००८ साली झालेल्या प्रयोगात वृक्षोद्यानातून फिरून आलेल्यांची आकडे उलट क्रमाने लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली. शहराच्या गजबजलेल्या रस्त्यांवरून फिरलेल्यांची तशी सुधारली नाही. स्टीफन आणि रेचल कॅपलन यांचा सिद्धांत असा की निसर्ग आपलं लक्ष हळुवार वेधतो, त्यामुळे नेट लावून लक्ष देण्याची थकलेली यंत्रणा विसावते. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातली पायवाट किंवा ठाणे खाडीकाठी चिखलात चोच घालून फिरणारे रोहित पक्षी नेमकं हेच करतात. तिथे स्पीकर लावला की सगळा लाभ गेला, म्हणून येऊरमधल्या गोंगाटाचं मला मनापासून वाईट वाटतं.

राहिली दुपारची डुलकी. पॅरिसमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये लोकांना गणिती कोडी दिली, ज्यांत एक छुपा नियम होता. मधल्या विश्रांतीत जे झोपेच्या अगदी उंबरठ्यावर, निदान पंधरा सेकंद, पोहोचले, त्यांच्यापैकी ८३ टक्क्यांना तो नियम सापडला. जागे राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना. त्याहून गाढ झोपेत शिरलेल्यांना हा लाभ मिळाला नाही. रविवारी जेवल्यावर पलंगाऐवजी आरामखुर्ची निवडावी, हातात एखादी वस्तू धरावी. झोप गाढ होऊ लागली की ती पडते आणि जाग येते. शेजारी वही-पेन हवं, कारण त्या क्षणी सुचलेलं फार लवकर निसटतं.