मूर्तिपूजा व ईश्वरी न्याय (हिब्रू संदेष्ट्यांच्या ग्रंथांतील)

इस्राएल व यहूदा या राज्यांवर कोसळलेली आपत्ती ही मूर्तिपूजा आणि परदैवतांची उपासना यांबद्दल त्यांचा देव यहोवा याने दिलेली शिक्षा होय, ही संदेष्ट्यांनी मांडलेली धर्मकल्पना. इ. स. पू. आठव्या ते सहाव्या शतकांतील होशेय, यशया, यिर्मया व यहेज्केल यांच्या ग्रंथांत ती ठळकपणे येते. आमोस या संदेष्ट्याचा रोख मात्र गरिबांवरील अन्यायावर अधिक आहे.

या न्यायाचा पाया म्हणजे यहोवाने आपल्या लोकांशी केलेला करार. त्यामुळे परक्यांपेक्षा स्वजनांचीच झाडाझडती जास्त. होशेयाच्या लेखी तर हा करार म्हणजे विवाह आणि बआल या कनानी देवाची उपासना म्हणजे व्यभिचार.

उत्तरेकडील इस्राएलचा पहिला राजा यराबाम याने बेथेल व दान येथे सोन्याची वासरे बसवली होती. ती यहोवाचीच आसने असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. होशेयाला असला भेद मंजूर नाही. कारागिराने घडवले ते देव नव्हे, असे तो ठणकावतो आणि शिक्षाही अपराधाला साजेशी सांगतो: हे वासरूच अश्शूरच्या (अ‍ॅसिरियाच्या) राजाला नजराणा म्हणून जाईल. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास राजधानी शोमरोन पडली. निमरूद येथे सापडलेल्या मृत्तिकालेखात अश्शूरचा राजा दुसरा सार्गोन, शोमरोनच्या लोकांचे देव आपण लुटीत मोजले, असे सांगतो.

दक्षिणेत यहूदाचा राजा योशिया याने इ. स. पू. ६२२ च्या सुमारास परदैवतांच्या वेद्या पाडल्या. घरोघरची उपासना त्याने थांबली नाही. मुले लाकडे गोळा करतात, बाप विस्तव पेटवतात, बायका कणीक मळून आकाशराणी या देवीसाठी पोळ्या करतात, असे जेरुसलेमच्या रस्त्यांवरचे चित्र यिर्मया रेखाटतो. बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) बंदिवासातील यहेज्केलाला दृष्टान्तात मंदिराकडे पाठ करून सूर्याला नमन करणारे पुरुष दिसतात. मग देवाचे तेजच मंदिर सोडून नगराच्या पूर्वेकडील डोंगरावर जाते. इ. स. पू. ५८७–८६ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने जाळले ते यहेज्केलाच्या दृष्टीने देव आधीच सोडून गेलेले मंदिर होते.

या निदानाला लोकांनी मुकाट मान डोलावली नाही. इजिप्तला पळालेले यहूदी, विशेषतः स्त्रिया, यिर्मयाला तोंडावर सुनावतात: आकाशराणीला धूप जाळत होतो तोवर पोटभर खायला होते, ते बंद केले आणि तलवार व दुष्काळ वाट्याला आले. आपत्ती तीच, कार्यकारणभाव नेमका उलटा. यिर्मयाच्या ग्रंथात हे उत्तर न गाळता राखले गेले, ही त्याची मोठीच जमेची बाजू.

संदेष्ट्यांचा उपहासही धारदार आहे. यिर्मयाच्या ग्रंथात मूर्ती काकडीच्या मळ्यातले बुजगावणे ठरतात. यशयाच्या ४४ व्या अध्यायातील सुतार अर्ध्या ओंडक्यावर भाकर भाजतो, मांस शिजवतो, शेकत बसतो आणि उरलेल्याचा देव करून त्याच्या पाया पडतो. बाबेलच्या पुरोहितांना हा आरोप पटला नसता. तेथे मूर्तीच्या मुखप्रक्षालनाचा विधी असे; त्यात कारागीर ‘ही मी घडवली नाही’ असे शपथेवर सांगत. प्राणप्रतिष्ठेची कल्पना ठाऊक असलेल्या मराठी वाचकालाही यशयाची थट्टा एकांगी वाटेल. ती तशी आहेच.