'दुर्गाबाई' कार्यक्रम ठरवण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सोसायट्या, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं आणि वाचनालयं यांच्यासाठी आम्ही जुने चित्रपट दाखवतो आणि त्यांच्याबद्दल बोलतो. आमची फर्म तीन माणसांची. पडदा, प्रोजेक्टर, दोन स्पीकर आणि बोलणारा एक जण, एवढंच भांडवल. सगळ्यात जास्त मागणी असते ती दुर्गा खोटे यांच्यावरच्या कार्यक्रमाला. त्यात काय पाहायला मिळेल, हे आधीच कळलेलं बरं, म्हणून हा कागद.

जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट घडते. 'अमरज्योती'मधली समुद्री चाच्यांची राणी पडद्यावर येते, तलवार उपसते आणि मागच्या रांगेतून आवाज येतो, "अगंबाई, ही तर सलीमची आई!" 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई लोकांच्या मनात इतकी घट्ट बसली आहे, की तिच्याआधी दुर्गाबाई कोणी वेगळ्या होत्या हेच विसरायला झालंय. आमचा कार्यक्रम या 'आई'पाशी संपतो. सुरुवात मात्र खूप आधीपासून होते.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. माहेरच्या त्या विठा लाड. घराणं मूळचं गोव्याचं, पण मुंबईत स्थिरावलेलं, आणि वडील सॉलिसिटर. शिक्षण कॅथीड्रल शाळेत, मग सेंट झेवियर्स कॉलेजात. लग्न खोट्यांच्या श्रीमंत घरात झालं, पण पुढे ती श्रीमंती ओसरली. पदरी दोन मुलं होती, काहीतरी कमवणं भाग होतं. अशात १९३१ साली 'फरेबी जाल' नावाच्या चित्रपटात एक छोटी भूमिका चालून आली. चित्रपट सुमार होता आणि घरंदाज बाईनं सिनेमात जाणं हीच त्या काळी मोठी बदनामी. आम्ही त्यावर फार वेळ घालवत नाही, कारण खरी गोष्ट पुढच्या वर्षी कोल्हापुरात सुरू होते.

'अयोध्येचा राजा' हा प्रभात फिल्म कंपनीचा आणि मराठीतला पहिला बोलपट, १९३२ चा. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गाबाई तारामती. इथे आम्ही एक आठवण करून देतो. हीच कथा दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये पडद्यावर आणली, तेव्हा तारामतीसाठी त्यांना एकही स्त्री मिळाली नव्हती. शेवटी खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला त्यांनी लुगडं नेसवलं. त्यानंतर एकोणीस वर्षांनी कॉलेजात शिकलेली, घरंदाज बाई त्याच तारामतीच्या रूपात काशीच्या बाजारात विकायला उभी राहते. पडद्यावरच्या लिलावापेक्षा हे धाडस मोठं, असं आमचं मत आहे.

हा भाग बघताना आवाजाबद्दल तक्रार येते. "स्पीकर खराब आहे का?" असं हमखास विचारलं जातं. स्पीकर ठीक असतो. १९३२ मध्ये पार्श्वगायन नव्हतं. आपल्याकडे ते १९३५ च्या सुमारास कलकत्त्याहून सुरू झालं. तोवर ज्यानं अभिनय करायचा त्यानंच गायचं, तेही कॅमेरा चालू असताना, आणि वादक मंडळी चौकटीच्या बाहेर दडून बसलेली. मायक्रोफोन एका जागी टांगलेला, म्हणून पात्रंही फार हलत नाहीत, मान वळवली की आवाज दूर जातो. तारामतीची अंगाई ऐकाल तेव्हा तो दुर्गाबाईंचा स्वतःचा गळा असतो. गायिका म्हणून त्या मोठ्या नव्हत्या. पण आवाजात खोटं काही नाही, त्यामुळे खरखरीसकट ती अंगाई लोकांना आवडते.

त्या काळी नट-नट्या कंपनीच्या पगारी नोकर असत. करार सही करायचा, महिन्याला पगार घ्यायचा आणि मालक सांगेल ते काम करायचं. दुर्गाबाई या चौकटीत अडकल्या नाहीत. प्रभातनंतर त्या कलकत्त्याला न्यू थिएटर्सकडे गेल्या, तिथे १९३३ मध्ये 'राजरानी मीरा' केला. लगेच १९३४ मध्ये ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा 'सीता', दिग्दर्शक देवकी बोस. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. 'सीता'मधले राम म्हणजे पृथ्वीराज कपूर. सव्वीस वर्षांनी हीच जोडी अकबर आणि जोधाबाई म्हणून परत समोर येते, हे सांगितलं की श्रोत्यांत हमखास चुळबुळ होते.

मग पुन्हा प्रभात, पण आता पुण्यात, कारण कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूर सोडून तिथे आली होती. (त्याच जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे.) १९३६ चा 'अमरज्योती' हा आमच्या कार्यक्रमाचा गाभा. चित्रपट हिंदी आहे. सौदामिनी ही नवऱ्यानं छळलेली बाई आपल्या मुलाचा ताबा मागते, राज्याचा कायदा तिला तो नाकारतो आणि ती समुद्रावर जाऊन चाच्यांची टोळी उभी करते. बरोबर शांता आपटे, समोर चंद्रमोहन. दुर्गाबाईंची उंची, ताठ मान, डोळ्यांतला कडकपणा, सगळं या भूमिकेत कामी आलंय. कथा आज काही ठिकाणी भाबडी वाटेल, संवाद नाटकी वाटतील. पण मुलाच्या ताब्यावरून कायद्याशी भांडणारी नायिका १९३६ मध्ये, हे लक्षात ठेवून बघा.

पुढचा टप्पा आम्ही थोडक्यात घेतो. १९३७ मध्ये 'साथी' या चित्रपटातून त्या निर्मितीत उतरल्या. १९४१ मध्ये आचार्य अत्र्यांच्या 'पायाची दासी'त खाष्ट सासू केली, तेव्हा त्यांचं वय होतं छत्तीस. १९४२ च्या 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी. सीतेपासून कैकेयीपर्यंत आठ वर्षांत! एवढी उलटसुलट पात्रं करायला आपली प्रतिमा सांभाळत बसणाऱ्या नट्या धजल्या नसत्या. त्यांनी रंगभूमीही सोडली नाही. 'भाऊबंदकी'तली त्यांची आनंदीबाई गाजली होती.

आमच्यासारख्या छोट्या फर्मला दुर्गाबाई जवळच्या वाटतात, त्याचं कारण वेगळंच आहे. १९५२ मध्ये त्यांनी फॅक्ट फिल्म्स काढली, नंतर दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स. लघुपट, माहितीपट, जाहिरातपट अशी कामं त्यांची कंपनी घेऊ लागली. नामवंत अभिनेत्रीनं साबणा-तेलाच्या जाहिरातींच्या धंद्यात पडणं अनेकांना कमीपणाचं वाटेल. त्यांना तसं वाटलं नसावं. १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेली 'वागळे की दुनिया' याच कंपनीची निर्मिती. आर. के. लक्ष्मण यांची पात्रं, दिग्दर्शक कुंदन शाह. ही मालिका पाहिलेले बहुतेक प्रेक्षक निर्मात्या कंपनीचं नाव वाचायचं विसरले होते.

दरम्यान १९६८ मध्ये पद्मश्री, 'बिदाई'साठी फिल्मफेअर आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार. 'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचं आत्मचरित्र वाचनालयात असेल तर कार्यक्रमाच्या टेबलावर आणून ठेवा, लोक चाळतात. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचं निधन झालं.

आता व्यवहाराचं. आम्ही 'अयोध्येचा राजा' आणि 'अमरज्योती' यांचेच भाग दाखवतो. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क (कॉपीराइट) प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, आणि हे दोन्ही त्यातून कधीच बाहेर पडले आहेत. 'बॉबी', 'बिदाई' अशा नंतरच्या चित्रपटांबद्दल आम्ही फक्त बोलतो. "एक गाणं तरी लावा हो" असा आग्रह कृपया करू नये.

कार्यक्रम सव्वादोन तासांचा, मध्ये चहाची सुट्टी. चहा तुमचा. दिवसा कार्यक्रम असेल तर खिडक्यांना जाड पडदे किंवा चादरी लागतील. उजेडात जुन्या चित्रपटाचं काहीच दिसत नाही. प्रोजेक्टरजवळ एक चालू प्लग पॉइंट हवा. ऐकायला कमी येणाऱ्यांना पुढच्या रांगेत बसवा, स्पीकर वाढवून उपयोग नसतो, खरखरच वाढते. आणि घरात कुणाकडे जुनी गाण्यांची चोपडी, तिकीट किंवा सिनेमाची जाहिरात असेल तर घेऊन या. आम्ही तिथेच स्कॅन करू आणि कागद तुमच्या हातात परत देऊ.