उसातले जनावर आणि थर्मल कॅमेरा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्याच्या कडेच्या गावांत, गवे रात्री शिवारात उतरतात. अशा वेळी थर्मल कॅमेऱ्यातून उसाच्या फडात दडलेले किंवा भिंतीपलीकडचे जनावरही दिसते आणि नाइट व्हिजन हे त्याचेच दुसरे नाव आहे, असे ठामपणे सांगितले जाते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. नाइट व्हिजनची नळी चांदण्याचा अंधूक उजेड हजारो पटींनी वाढवते, त्यामुळे बांध आणि तारेचे कुंपण दिसते. मिट्ट काळोखात मात्र तिला इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा उजेड देणाऱ्या) दिव्याची जोड लागते. थर्मल कॅमेरा वस्तूंतून त्यांच्या उष्णतेमुळे निघणारे साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण टिपतो. हे किरण भिंतीतूनच काय, खिडकीच्या साध्या काचेतूनही आरपार येत नाहीत, म्हणून जीपची काच वर करून पाहिल्यास काचेचेच तापमान दिसते. उसाचा दाट पालाही तसाच आड येतो. फटीतून अंगाचा एखादा भाग उघडा पडला, तरच पडद्यावर उजळ ठिपका उमटतो. दोन्ही चित्रे एकमेकांवर बसवणारी उपकरणे याच कारणाने उपयोगी आहेत: थर्मलमुळे जनावर कुठे आहे ते कळते आणि नाइट व्हिजनमुळे मधली वाट, बांध व खड्डे दिसतात. दोन्हींची भिंगे वेगवेगळ्या जागी असल्यास अगदी जवळच्या वस्तूंची दोन चित्रे मात्र नेमकी जुळत नाहीत.